आधी आईची कंबर, मग ते चमकणारे नॅनोकण

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई नमस्कार. मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे, वय २९, राहायला बुधगाव. आई ५६ वर्षांची. दोन वर्षांमागं तिला ब्रेस्ट कॅन्सर निघाला, दुसरी स्टेज, काखेतल्या दोन गाठींत पण होता. मिरजेत ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं, आता लेट्रोझोलची गोळी चालू आहे. डॉक्टर तीन-चार महिन्यांनी हातानं तपासतात आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफी, बास. पेट स्कॅन करा म्हणलं तर गरज नाही म्हणतात. मला व्हॉट्सअपवर एक व्हिडिओ आला, त्यात रक्तात नॅनोप्रोब सोडतात आणि कॅन्सर कुठं पसरायला लागला की तिथं ते चमकतात, एमआरआयच्या पण आधी कळतं. एका लॅबच्या माणसाशी फोनवर बोललो, तो नॅनो टेस्टचे ४८ हजार सांगतोय. आईच्या पाटल्या मोडायची माझी तयारी आहे. करू का? आई म्हणते मला काय नको, मला आषाढीला पंढरपूरला पाठव. मी नको म्हणतोय. बाकी ती ठीक आहे, फक्त दीड महिना झाला कंबर दुखते म्हणते, पण म्हशीचं करते त्यामुळं असेल."

अरे बाळा, तू माझ्या लेकापेक्षा लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळेला शेवटच्या ओळीवर अडकले. नॅनोप्रोब, पाटल्या, अठ्ठेचाळीस हजार हे सगळं तू सविस्तर लिहिलंस आणि कंबरेचं एका ओळीत, ते पण जाता जाता. मी उलटं करणार आहे. आधी कंबर, मग नॅनो.

ज्या बाईला ब्रेस्ट कॅन्सर होऊन गेलाय तिची कंबर दीड महिना दुखत असेल तर ती डॉक्टरांना दाखवायचीच, घरात म्हैस असो नाहीतर नसो. मी घाबरवत नाहीये हं. कारणं बरीच असू शकतात, लेट्रोझोलनंच सांधे धरतात, हाडं ठिसूळ होतात, शिवाय छप्पन्नाव्या वर्षी वैरणीचा भारा उचलला तर कुणाचीही कंबर धरेल. पण हा कॅन्सर लांब पसरतो तेव्हा सगळ्यात जास्त वेळा हाडात जातो, त्यात मणका आला, त्यामुळं "म्हशीमुळं असेल" हे तू आणि मी ठरवायचं नाही, डॉक्टरांनी बघून ठरवायचं. पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, याच आठवड्यात जा. रात्री आडवं पडल्यावर जास्त दुखतं का, कूस बदलताना जाग येते का हे आईला विचारून ठेव. आणि पायातली ताकद गेल्यासारखी वाटली, मुंग्या आल्या, बधिर झालं किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर आठवडा पण नाही, त्याच दिवशी, रात्र असली तर रात्री, सरळ कॅज्युअल्टीत. मणक्यात नस दाबली गेली तर तास मोजायचे असतात.

अजून एक, तुमच्याकडं कोणी पायाळू शेजारीपाजारी असेल आणि "उसण भरलीय, लाथ मारून घ्या" म्हणत असेल तर त्याला हात जोडायचे. तेल लावून जोरात रगडणाऱ्याला पण. हाड कच्चं झालेलं असलं तर नको ते होऊन बसतं.

आता मला एक सांग, हे कंबरेचं तू डॉक्टरांना सांगितलंयस का? माझी पैज आहे की नाही. तू त्यांना म्हणालास "पेट करा" आणि ते म्हणाले "गरज नाही", आणि तू समजलास की डॉक्टर टाळतायत. अरे, काही होत नसताना स्कॅन करत बसायचं नाही एवढंच ते म्हणत होते. त्रास होत असेल तर तेच डॉक्टर तुझ्याआधी एक्सरे, एमआरआय, बोन स्कॅन, जे लागेल ते लिहून देतील. तुमचं भांडण खरं तर इथंच मिटतं.

काही होत नसताना का नको, तर याचं उत्तर इटलीत मिळालंय, १९९४ साली. तिथं दोन मोठे अभ्यास झाले, दोन्ही मिळून अडीच हजारांवर बायका, सगळ्यांचा ब्रेस्ट कॅन्सरचा उपचार झालेला. अर्ध्या जणींना ठरलेल्या काळानं हाडांचं स्कॅन, छातीचा एक्सरे असल्या तपासण्या, आणि अर्ध्या जणींना फक्त डॉक्टरांनी हातानं तपासणं आणि मॅमोग्राफी, म्हणजे तुझ्या आईचं चाललंय तेच. वर्षं गेली आणि बघितलं तर दोन्हीकडं बायका सारख्याच जगल्या. एका अभ्यासात तर हाडातलं आणि छातीतलं पसरणं स्कॅनवाल्यांत आधी सापडलं सुद्धा, पण आयुष्य वाढलं नाही. तेव्हाची औषधं जुनी होती, आता नवीन खूप आलीत, म्हणून हा प्रश्न कायमचा मिटला असं मी म्हणणार नाही, पण जगभरचे नियम अजून तेच सांगतात, लक्षण नसेल तर पेट, सीटी, बोन स्कॅन, ट्यूमर मार्कर म्हणजे कॅन्सरची रक्ततपासणी, यातलं काही नेमानं करत बसू नका.

लवकर सापडलं तर चांगलंच ना, असं तुला वाटणार. मलाही वाटायचं. पण तू सांगलीचा आहेस, तुला पुराचं सांगायला नको. आयर्विन पुलाखाली कृष्णेचं पाणी ४० फुटाला आलं की इशारा, ४५ ला धोका, हे शाळेतलं पोर पण सांगतं. इशारा आधी मिळाला याचा उपयोग कुणाला, तर ज्याला पोती वर टाकायला माळा आहे त्याला. पहिल्या वेळी स्तनातली गाठ लवकर सापडली तर वर माळा असतो, ऑपरेशन करून ती काढता येते. लांब पसरलेल्या कॅन्सरला मात्र बहुतेक वेळा औषधानं आवरून धरायचं असतं, आणि ते औषध चार महिने आधी सुरू केलं म्हणून चार महिने जास्त मिळतात असं अजून तरी दिसलेलं नाही. मिळते ती चार महिने जास्तीची काळजी.

बरं, आता तुझे नॅनोप्रोब. यात मला खरंच रस आहे कारण मी पंचवीस वर्षं मिरजेत लॅबमध्ये काढलीत आणि चमकणाऱ्या गोष्टी बघण्यातच डोळे गेले.

तुमच्या अडतीवर नोटा तपासायची जांभळी लाईट असेलच. तिच्याखाली नोट धरली की आतले बारीक धागे चमकतात ना, साध्या उजेडात जे दिसत पण नाहीत. आता एक गंमत कर, काचेच्या छोट्या बाटलीत थोडं स्पिरिट घे, त्यात चिमूटभर हळद टाक आणि ती बाटली त्या लाईटखाली धर. पिवळट हिरवी अशी पेटल्यासारखी दिसेल. हळदीतलं करक्युमिन ती जांभळी लाईट पितं आणि हिरवी करून परत सोडतं, फ्लुरोसन्ट फ्लुरोसन्ट म्हणतात ते एवढंच. एका रंगाचा उजेड आत, दुसऱ्या रंगाचा बाहेर. आयुष्यभर हळदीच्या पोत्यांत बसलेल्या माणसाला हे कुणी दाखवत नाही याचं मला नवल वाटतं.

आम्ही हेच टीबीला वापरायचो. थुंकीची स्लाइड ऑरामाइन नावाच्या रंगानं रंगवायची आणि फ्लुरोसन्ट मायक्रोस्कोपखाली घालायची. सगळं काळं, अमावास्येसारखं, आणि त्यात मधेच एखादी बारीकशी पिवळी काडी चमकते. तोच जंतू. जुन्या लाल रंगाच्या पद्धतीत एकेक कोपरा शोधत मान मोडायची, यात लांबूनच दिसायचं, काम झटपट. पण पहिल्याच महिन्यात सरांनी एक गोष्ट माझ्या डोक्यात घातली होती, की चमकतंय ते सगळं जंतू नसतं. रंगाचा खडा राहिला तरी चमकतो, कापडाचा तंतू पडला तरी चमकतो. मी एकदा अशा एका तंतूला पॉझिटिव्ह लिहिता लिहिता राहिले, सरांनी स्लाइड परत बघितली म्हणून वाचले.

नॅनोप्रोब म्हणजे हीच आयडिया, फक्त स्लाइडवर न करता जिवंत अंगात करायची. एकदम बारीक कण बनवायचे, काही नॅनोमीटर ते शे-दीडशे नॅनोमीटरचे, आपला केस साधारण ८० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो त्यावरून अंदाज कर. कणाच्या पोटात चमकणारी वस्तू, बाहेरून कॅन्सरच्या पेशीला चिकटणारा हुक. शिरेतून सोडायचं आणि बाहेरून लाईट मारून कुठं जमा झालेत ते कॅमेऱ्यानं बघायचं. कल्पना फार सुंदर आहे, यात वाद नाही.

तुझ्या व्हिडिओतलं "एमआरआयच्या आधी" हे मला वाटतं अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठाच्या कामावरून आलंय. २०१७ च्या डिसेंबरात ते छापून आलं. त्यांनी रेअर अर्थ धातूंचे कण अल्ब्युमिन प्रोटीनमध्ये गुंडाळले, ते डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडात चमकतात, आणि ब्रेस्ट कॅन्सर दिलेल्या उंदरांच्या रक्तात सोडले, तर मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत आणि हाडात पसरलेले बारीक ठिपके एमआरआयच्या आधी सापडले. खरं आहे, खोटं नाही. पण उंदरांत. तेव्हा त्यातले शास्त्रज्ञ म्हणाले होते की पाच वर्षांत वापरात येऊ शकेल. २०१७ मध्ये पाच मिळवले की किती होतात ते तू दिवाणजी आहेस, तूच सांग. दवाखान्यात रोजच्या वापरात ते काही आलेलं नाही.

का नाही आलं ते बघायला आज रात्री लाईट बंद करून मोबाइलची टॉर्च तळहाताला खालून चिकटव. वरून फक्त लाल दिसेल. टॉर्च पांढरी आहे पण निळा-हिरवा उजेड रक्तानं गिळला, लाल तेवढा वर आला, तो पण पसरून गेला, आतलं एक हाड सुद्धा नीट दिसत नाही. इन्फ्रारेड यापेक्षा खोल जातं म्हणून तर त्यांनी ते निवडलं, पण तरी सेंटिमीटरांतच हिशेब. उंदीर म्हणजे वीस-पंचवीस ग्रॅमचा जीव, अख्खं अंग दोन बोटांच्या जाडीचं, त्याच्या आरपार बघता येतं. तुझ्या आईच्या पोटातून मणक्यापर्यंत असा उजेड जाऊन परत येणं ही वेगळीच गोष्ट झाली.

दुसरी अडचण मला जास्त मोठी वाटते. सोडलेले कण गाठीपर्यंत पोचतातच कुठं? २०१६ मध्ये कॅनडातल्या टोरांटोच्या लोकांनी आधीच्या दहा वर्षांतले असले प्रयोग एकत्र करून हिशेब मांडला, तर सोडलेल्या डोसपैकी गाठीत पोचणारा भाग मधल्या आकड्यानं ०.७ टक्के निघाला. शंभरात एक पण पुरता नाही. बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहा खाऊन बसतात, आणि ते तिथं किती दिवस राहतात, काय करतात हा पुढचा प्रश्न. काही कणांत तर कॅडमियम असतं, क्वांटम डॉट म्हणतात त्यांना, २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल क्वांटम डॉटच्याच शोधाला मिळालं, पण कॅडमियम काही माणसाच्या शिरेत सोडायची वस्तू नाही.

म्हणजे सगळं थोतांडच का, तर तसंही नाही. अमेरिकेत कॉर्नेलच्या लोकांनी सिलिकाचे सहा-सात नॅनोमीटरचे कण केले, इतके बारीक की लघवीवाटे निघून जातात, त्यांना २०११ मध्ये माणसांवर ट्रायल करायची परवानगी मिळाली आणि मेलानोमाच्या, म्हणजे त्वचेच्या एका कॅन्सरच्या, पेशंटवर ते वापरून बघितलेत, कॅन्सर पहिल्यांदा कुठल्या लिम्फच्या गाठीत जातो ते शोधायला. आणि नॅनो नसलेले साधे चमकणारे रंग तर ऑपरेशन थिएटरात आधीच आहेत. इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग अमेरिकेत १९५९ पासून मंजूर आहे. २०२१ मध्ये तिथं अंडाशयाच्या कॅन्सरसाठी एक मंजूर झाला, २०२४ मध्ये ब्रेस्टच्या ऑपरेशनसाठी एक, गाठ काढल्यावर खड्ड्यात काही राहिलंय का ते बघायला. लक्षात घे, हे सगळं कुठं चालतं, तर पोट किंवा छाती उघडलेली असताना, उजेड आणि गाठ यांच्यात काही नसताना. तुझ्या आईचं ते ऑपरेशन होऊन गेलंय.

म्हणून तो फोनवरचा माणूस. त्याला एवढंच विचार की माझ्या आईच्या शिरेत नेमकं काय सोडणार आणि त्याला भारतात परवानगी कुणी दिली. ट्रायल आहे म्हणाला तर सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नंबर माग. आपल्या देशात औषधांच्या ट्रायलची तिथं नोंद करणं २००९ पासून सक्तीचं आहे, ऑनलाइन फुकट बघता येतं. आणि खऱ्या ट्रायलमध्ये तपासायच्या औषधाचे पैसे पेशंटकडून घेत नाहीत, उलट मराठीत छापलेला संमतीचा कागद तुझ्या हातात देतात आणि वाचायला वेळ देतात. पाटल्या मोडायला लागतात ती ट्रायल नव्हे, ते दुकान. माझा अंदाज, नंबर मागितलास की फोन कट होईल.

पेट स्कॅनचं पण सांगते म्हणजे मनातून जाईल. त्यात किरणोत्सारी साखर टोचतात आणि जी पेशी जास्त साखर खाते ती उजळते. खूप चांगली तपासणी आहे, जिथं लागते तिथं. पण चार-पाच मिलिमीटरच्या आतलं तिला बऱ्याचदा दिसत नाही, आणि टीबीची गाठ सुद्धा साखर खाते. माझ्यासमोर एका घरानं फुफ्फुसाजवळ गाठ उजळली म्हणून चार दिवस चूल पेटवली नाही, बायोप्सी आमच्याकडं आली, टीबी निघाला. ते सगळे माझ्या टेबलासमोर हसत पण होते आणि रडत पण होते.

आता हळदीचं, कारण तू अडतीवर आहेस आणि कुणीतरी नॅनो करक्युमिनच्या कॅप्सूल नक्की सुचवल्या असतील. भाजीतली हळद खुशाल खा, राजापुरी खा. कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नेदरलँड्सच्या २०१९ च्या एका अभ्यासात करक्युमिन आणि मिरीचा अर्क एकत्र घेतल्यावर टॅमॉक्सिफेन या ब्रेस्ट कॅन्सरच्याच दुसऱ्या गोळीचा असर करणारा भाग रक्तात कमी झालेला दिसला. आईची गोळी वेगळी आहे हे मला माहितीये, पण उद्या गोळी बदलली तर? आणि ती लेट्रोझोल रोज घेते का हे एकदा पाकीट मोजून बघ. सांधे दुखतात म्हणून बायका गपचूप गोळी सोडतात, मी खूप बघितल्यात. तसं असलं तर ओरडू नकोस, डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात, हाडांची घनता तपासतात, कॅल्शियम वगैरे बघतात.

राहिली आई. ती तुला दुखणं पुरतं का सांगत नाही माहितीये? कारण तिनं "कंबर" म्हणलं की तू मोबाइल उघडतोस. तिनं केमोत केस गेलेले सोसलेत, ती कंबरेला काय भ्यायची, ती तुझ्या तोंडाकडं बघून भिते. बहीण असेल तर तिला विचारायला सांग, नाहीतर तू स्वतः संध्याकाळी धार काढायला तिच्याबरोबर बस, कासंडी तू धर, आणि साधं विचार की कुठं दुखतंय, बोट ठेवून दाखव. एकाच जागी मणक्यावर बोट ठेवलं की सगळ्या कंबरेवरून हात फिरवला, एवढं बघून ठेव आणि डॉक्टरांना तसंच सांग.

जाताना फाइलींची पिशवी घेऊन जा, सगळ्यात वर बायोप्सीचा पहिला रिपोर्ट ठेव, ज्यात ईआर, पीआर, हर-टू, म्हणजे कॅन्सर कुठल्या जातीचा आणि कुठलं औषध लागू पडेल ते, लिहिलेलं असतं, आणि गोळ्यांची पाकिटं. तपासण्या लिहून दिल्या तर पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्राच्या टेबलावर जनआरोग्य योजनेत काय काय बसतं ते विचारून घे. पाटल्या राहू देत तिच्या हातात.

आणि पंढरपूरचं तू परस्पर नको म्हणू नकोस. त्याच दिवशी, तपासून झाल्यावर, आईच्या समोर डॉक्टरांना विचार की जाऊ दे का. हो म्हणाले तर पायी नाही, एसटीनं, आणि मागच्या चाकावरची सीट नको, पुढची बघा, तिथं धक्के कमी बसतात.